लिनक्स कर्नलमधील ३८६ प्रोसेसरच्या समर्थनाची समाप्ती

लिनक्स कर्नलच्या ३.८ या आवृत्तीपासून इंटेल ८०३८६ (प्रचलित नाव: ३८६) या प्रोसेसरचे समर्थन बंद करण्यात आले. हा बदल डिसेंबर २०१२ मध्ये स्वीकारला गेला व संबंधित आवृत्ती १८ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रकाशित झाली. लिनक्सची निर्मिती मुळात याच प्रोसेसरसाठी झाली होती.

पार्श्वभूमी

इंटेलने १९८५ मध्ये सादर केलेला ३८६ हा ३२ बिटांचा प्रोसेसर होता. स्मृतीचे पृष्ठांमध्ये विभाजन करण्याची सोय त्यात होती. हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ३८६ संगणकावरच लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली. इंटेलने ३८६ चे उत्पादन २००७ पर्यंत चालू ठेवले होते.

तांत्रिक कारणे

१९८९ मध्ये आलेल्या ४८६ प्रोसेसरमध्ये ३८६ मध्ये नसलेल्या काही सोयी होत्या:

* स्मृतीतील मूल्याची तुलना करून ते एकाच अखंड क्रियेत बदलणारी आज्ञा. अनेक प्रोसेसरांच्या संगणकात कामांचा मेळ राखण्यासाठी ती पायाभूत ठरते.
* पत्त्यांच्या तात्पुरत्या साठ्यातील एकच नोंद रद्द करणारी आज्ञा. ३८६ वर त्यासाठी संपूर्ण साठा रिकामा करावा लागे.
* केवळ वाचनासाठी राखलेल्या पृष्ठावर खुद्द कर्नलकडून होणारे लेखन अडवण्याची सोय. ३८६ वर ही तपासणी कर्नलला स्वतः करावी लागे.

या उणिवा भरून काढण्यासाठी कर्नलमध्ये वेगळी संहिता सांभाळावी लागत होती. प्रोसेसरांच्या समन्वयाशी संबंधित भागात बदल करताना दर वेळी ३८६ चा स्वतंत्र विचार करावा लागे. हे वाढीव काम टाळण्यासाठी विकसक इंगो मोल्नार यांनी ही संहिता काढून टाकण्याचा प्रस्ताव पाठवला आणि तोरवाल्ड्स यांनी तो मान्य केला.

परिणाम

३८६ संगणकांवर नवे कर्नल चालेनासे झाले. मुक्त स्रोतामुळे जुन्या आवृत्त्या उपलब्ध राहिल्या आणि असे संगणक त्यांवर चालू शकतात. मात्र जुन्या आवृत्त्यांची देखभाल थांबल्यावर सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे जाळ्याला जोडलेल्या यंत्रांसाठी हा पर्याय जोखमीचा ठरतो.

या निर्णयाने ३२ बिटांच्या सर्वच प्रोसेसरांचे समर्थन संपले नाही. ४८६ व त्यानंतरचे प्रोसेसर त्यातून वगळलेले होते. डेबियनसारख्या वितरणांत ‘आय३८६’ हे नाव ३२ बिटांच्या इंटेल कुळासाठी पुढेही वापरले गेले. प्रत्यक्ष ३८६ प्रोसेसरवर ते वितरण चालते, असा त्याचा अर्थ होत नाही.

इतर संचालन प्रणाली

विंडोज एनटी ४.० (१९९६) व फ्रीबीएसडी ६.० (२००५) यांनी ३८६ चे समर्थन लिनक्सच्या आधीच सोडले होते. २०२२ मध्ये तोरवाल्ड्स यांनी ४८६ प्रोसेसरही आता संग्रहालयातील वस्तू झाल्याचे सांगून त्याचे समर्थन थांबवण्याचा विचार मांडला.