अवसेच्या रात्री, आजीमागून

साल १८८५. भाद्रपदातली अवस. भीमाशंकरच्या रानालगत महादेव कोळ्यांची वाडी. तू दहा वर्षांची आहेस. डोक्यावर इरलं, पाय अनवाणी. पुढे आजी, वाडीची सुईण. वाटेतलं जनावर बाजूला व्हावं म्हणून ती काठी आपटत चालते. मागे आणखी तिघी पोरी.

ओढ्यापाशी येताच आजी पेटता टेंभा पाण्यात बुडवते.

"आजी, काय बी दिसंना!"

"म्हणून तर आणलं. अडलेली बाई उजाडायची वाट बघत न्हाई. पावसात टेंभा इझला, की झाड हातानं वळखायला पायजे."

थोड्या वेळाने पुढचा पडका ओंडका हिरवट उजळलेला दिसतो. मागची पोर "भूत!" म्हणून तुला बिलगते. आजी तिचा हात धरून ओंडक्यावर ठेवते. ओलं, कुजकं लाकूड. त्यावरची बुरशी पावसाळ्यात अशी उजळते. पोरीचा जीव भांड्यात पडतो.

आजी तुझ्या तळहातावर पानं चुरडते. उग्र वास थेट डोक्यात जातो. निरगुडी! ही पानं गरम करून मुरगळलेल्या पायाला शेकायची, हे तू घरी पाहिलं आहेस.

पुढे दोन झाडं जवळजवळ उभी. दोन्हींच्या पानांचा देठ मोडला की चीक येतो, दोन्हींना लांब शेंगा जोडीने लोंबतात. "यातला आवंवरचा कुडा कोणता?" तू शेंगांवरून बोटं खाली नेतेस. एका झाडाच्या जोडशेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. तो काळा कुडा. दुसऱ्याच्या टोकापर्यंत सुट्या. हा पांढरा, आवंवरचा. आजी त्याच्या सालीचा कण तुझ्या जिभेवर ठेवते, आणि तो कडूपणा घशात उतरून तिथेच बसतो. साल काढताना ती एका अंगाचीच काढते. चौफेर सोलली तर झाड मरतं, मग पुढच्या पावसाळ्यात पोरांच्या जुलाबाला काय देणार?

१८७८ च्या वनकायद्यापासून राखीव रानात विनापरवाना साल काढणंही गुन्हा ठरलं आहे. म्हणून आजी तुम्हाला आधी वाडीच्या बांधावरची आणि ओढ्याकाठची झाडं पाठ करायला लावते.

झुडपात तुझ्या बोटाला पानाचं गुंडाळलेलं टोक अडकतं, बारीक दोऱ्यासारखं. आजी झटकन तुझं मनगट पकडते.

"कळलावी. हिचा कंद अडलेल्या बाईच्या तळपायाला लावत्यात. पोटात गेला तर बाई जाती. पोटात कुणाला द्यायचा?"

"कुणालाच न्हाई."

"पुन्हा सांग."

चौघीही सांगता. आजी दहादा वदवून घेते. निरगुडी एकदा सांगून झाली, कुडा दोनदा, पण हे उत्तर झोपेतही आलं पाहिजे. औषध देणाऱ्या हाताला आधी विष कळलं पाहिजे, हाच तिचा पहिला धडा.

परतताना ती तुला पुढे घालते. तू एकेक झाड चाचपत नाव घेतेस, आणि प्रत्येक नावानंतर तिचा एकच प्रश्न येतो: "कुणाला द्यायचं न्हाई?"

१८८५ ची ती रात्र मागे राहिली. आज त्याच कळलावीतलं कोल्चिसीन गाउटवर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुझ्या लेकीला, नातीला झाडं दाखवायला नेशील, तेव्हा गुण सांगण्याआधी आजीचा प्रश्न विचार.