कोंड्याची बादली आणि घोड्याचे हाड

लहानपणी आमच्या घराजवळ टांग्यांचा अड्डा होता. एका पावसाळ्यात तेथील एक घोडा ओल्या फरशीवर घसरला. त्याच्या पुढच्या पायाला दुखापत झाली आणि त्याला दीड-दोन महिने तबेल्यात बांधून ठेवावे लागले. टांगेवाले चाचा रोज संध्याकाळी बादलीत गव्हाचा कोंडा घेत, त्यावर कढत पाणी ओतत, गुळाचा खडा व मीठ टाकत आणि वर गोणपाट झाकून ठेवत. कोमट झाले की ते गाईम्हशींच्या आंबोणासारखे मिश्रण घोड्यापुढे ठेवत. "उभा आहे ना बेटा, काम नाही. त्याला मऊ आणि हलकं द्यायचं," असे ते म्हणत.

पुढे वाचनात आले, की अशीच बादली इंग्लंडमधल्या तबेल्यांतही शतकाहून अधिक काळ आजारी व जखमी घोड्यांपुढे ठेवली जात होती. मग प्रश्न पडला : हे खाणे खरोखर योग्य होते का? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ लागला, आणि ते 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. कारण त्या एका बादलीत प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या : पाणी, धान्याची कपात आणि कोंडा. या तिन्हींचा निकाल वेगवेगळा लागला.

घोड्याचे पोट

प्रथम घोड्याची पचनसंस्था पाहू. घोडा गवत खातो, पण गाईसारखा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. गवतातील तंतूंचे पचन होते ते आतड्याच्या शेवटच्या भागात. तेथे शंभर लिटरहून अधिक मावेल एवढी जागा असते आणि असंख्य सूक्ष्मजीव तंतू आंबवून घोड्याला ऊर्जा मिळवून देतात. ही व्यवस्था दिवसभर हिंडत थोडे थोडे गवत चरणाऱ्या प्राण्यासाठी आहे. घोड्याची लाळही चावतानाच स्रवते. शिवाय घोड्याला सहसा उलटी करता येत नाही. चुकीचे खाणे एकदा आत गेले की ते पुढेच सरकणार.

असा प्राणी दुखापतीमुळे तबेल्यात उभा राहिला की हालचाल थांबते आणि आतड्याची गतीही मंदावते. आतील मल कोरडा होऊन अडकला तर पोटशूळ होतो आणि त्यात घोडा दगावू शकतो. पायाची जखम बरी होत असताना घोडा पोटदुखीने मरावा, ही मोतद्दारांची खरी भीती होती. भिजवलेले खाणे हा त्यावरचा त्यांचा उपाय.

यातील पाण्याचा भाग आजही योग्य मानला जातो. फक्त त्याचे प्रमाण लक्षात ठेवावे. वाळले गवत खाणारा मोठा घोडा दिवसाला २५ लिटरच्या आसपास पाणी पितो. बादलीतल्या कोंड्याबरोबर त्यापैकी तीन-चार लिटर पोटात जाते. कमी पाणी पिणाऱ्या घोड्याला तेवढीही मदत होते. मात्र कोंड्यामुळे लीद पातळ होते, ही समजूत प्रत्यक्ष मोजणीत टिकली नाही. कधी लीद पातळ झालीच, तर त्याचे कारण बहुधा वेगळे असे : खाणे अचानक बदलल्यामुळे आतड्यातील सूक्ष्मजीवांची घडी विस्कटलेली असे.

सोमवारचा आजार

दुसरी गोष्ट धान्याची. फ्रान्समध्ये लियाँ येथे क्लोद बुर्जेला यांनी १७६१ मध्ये पशुवैद्यकाची पहिली शाळा स्थापन केली. लंडनचे महाविद्यालय १७९१ मध्ये निघाले. या संस्थांतून शिकलेल्या पशुवैद्यांना एकोणिसाव्या शतकातील शहरांत घोड्यांचे हजारो रोगी मिळाले, कारण तेव्हा शहरे घोड्यांवरच चालत होती. आपल्या मुंबईतही १८७४ मध्ये सुरू झालेल्या ट्राम घोडे ओढत असत, आणि १८८६ मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

युरोपातील पशुवैद्यांना एक विचित्र आजार वारंवार दिसू लागला. धडधाकट घोडा रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी सकाळी गाडीला जुंपला, की थोड्याच वेळात घामाघूम होई, मागचे पाय ताठ होत आणि लघवी कॉफीच्या रंगाची होई. कित्येक घोडे तेथेच कोसळत. या आजाराला 'सोमवारचा आजार' असेच नाव पडले. काहींना तो मूत्रपिंडाचा वाटला, काहींना मज्जारज्जूचा. पण लघवीचा रंग फुटलेल्या स्नायूंतील रंगद्रव्याचा होता. आणि सुट्टीच्या दिवशी एक गोष्ट बदललेली नसे : काम बंद, पण ओटची चंदी मात्र पूर्ण.

१९३० च्या दशकात स्वीडनमधील कार्लस्ट्रॉम यांनी या आजाराचा संबंध स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनशी, म्हणजे शर्करेच्या साठ्याशी जोडला. साठा वाढतो, काम सुरू होताच त्याचे लॅक्टिक आम्ल होते आणि स्नायू नासतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्यातील आम्लाचा भाग पुढे टिकला नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत स्टेफनी वाल्बर्ग यांनी काही घोड्यांच्या स्नायूंत शर्करेचा विकृत साठा होतो हे दाखवले, आणि २००८ मध्ये त्यामागील एका जनुकातील बदल सापडला. ओझे ओढणाऱ्या अनेक अवजड जातींत तो आढळतो. म्हणजे सोमवारी कोसळणाऱ्या घोड्यांपैकी काही तरी जन्मतःच हा दोष घेऊन आलेले असणार.

जनुक ठाऊक नसतानाही जाणत्या मोतद्दारांनी उपाय शोधला होता. शनिवारी रात्री ओट कमी करायचे आणि त्याजागी कोंड्याचे आंबोण द्यायचे. उभ्या घोड्याला पिष्टमय धान्य जास्त झाले तर ते न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तेथे झपाट्याने आंबते, आणि त्यातून पोटशूळ किंवा खुरांचा दाह होऊ शकतो, हेही आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा "काम नाही, हलकं द्यायचं" हे चाचांचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीला उतरते.

गिरणीवाल्याचा घोडा

आता कोंडा. १८७०-८० च्या दशकांत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि गव्हाचा कोंडा पिठापासून चांगला वेगळा होऊ लागला. कोंडा मुबलक आणि स्वस्त झाला. पण तो सतत खाणाऱ्या घोड्यांत एक दुखणे दिसे. घोडा कधी या पायाने लंगडे, कधी त्या. पुढे चेहऱ्याची हाडे फुगून डोके मोठे दिसू लागे. गिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावरच पोसलेले असल्याने हा 'गिरणीवाल्याच्या घोड्याचा आजार' म्हणून ओळखला जाई.

१९३२ मध्ये फिलिपीन्समधील अमेरिकी लष्कराच्या घोड्यांचा अभ्यास करून किंटनर आणि होल्ट यांनी या आजाराचे मूळ खनिजांच्या प्रमाणात असल्याचे दाखवले. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियम जेमतेम ०.१ टक्का, तर फॉस्फरस १ टक्क्याहून अधिक असतो. घोड्याला मात्र फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त लागते. फॉस्फरसचा अतिरेक झाला की रक्तातील कॅल्शियम घटू लागते. मग गळ्यातील परावटू ग्रंथी आपला स्राव वाढवतात आणि रक्तातील पातळी राखण्यासाठी कॅल्शियम हाडांतून काढले जाते. रिकाम्या झालेल्या हाडात तंतुमय ऊती भरते. कोंड्यातील फायटिक आम्ल आतड्यातल्या कॅल्शियमलाही बांधून ठेवते.

येथे त्या बादलीतला विरोधाभास उघड होतो. ज्या घोड्याच्या हाडाला तडा गेला आहे, ज्याला ते सांधायला कॅल्शियम हवे आहे, त्याच्यापुढे आठवडेच्या आठवडे जे मायेने ठेवले जाई, ते त्याच्या हाडांतूनच कॅल्शियम काढत असे. क्वचित दिलेल्या बादलीने हे होत नाही. रोजच्या सवयीने होते. आणि परिणाम दिसायला महिने लागत असल्याने कोणी बादलीकडे बोट दाखवले नाही.

भिजवावे, पण काय?

दख्खनमध्ये घोड्याला पूर्वापार भिजवलेले हरभरे आणि शिजवलेला कुळीथ देत. कुळथाला इंग्रजीत नावच 'हॉर्स ग्राम' पडले. कुळथात कॅल्शियम आणि फॉस्फरस जवळजवळ सारखे असतात, आणि शिजवल्याने त्यातील प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये निकामी होतात. अर्थात कुळीथ हे धान्यच. बसून असलेल्या घोड्याला त्याची पूर्ण चंदी चालणार नाही. युरोपात जवस बराच वेळ उकळून देत. नुसत्या कोमट पाण्यात जवस भिजवले तर एका विकराच्या क्रियेने विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकते. उकळल्याने ते विकर नष्ट होते. या पद्धतींचा शोध लागला तो अनुभवातून. कारण पुष्कळ नंतर कळले.

आज अशा घोड्याच्या आहारात चांगले वाळले गवत मुख्य असते. धूळ बसावी म्हणून तेही भिजवतात, कारण बंद तबेल्यात धुळीचा आणि बुरशीचा त्रास फुप्फुसांना होतो. मऊ खाणे हवे असेल तर साखर काढून उरलेला बीटचा चोथा किंवा वाळवलेल्या लसूणघासाच्या वड्या पाण्यात फुगवून देतात. दोन्हींत फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम कितीतरी जास्त असते. बदल मात्र आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करायचा, आणि प्रमाण पशुवैद्याने ठरवायचे.

वर्गात करून पाहण्याजोगा एक साधा प्रयोग सुचवतो. कोंडा, हरभरे आणि कुळीथ प्रत्येकी १०० ग्रॅम घेऊन रात्रभर भिजत घाला आणि सकाळी निथळून वजन करा. कोणी किती पाणी घेतले ते लिहा. मग मुलांना विचारा : भिजवल्याने काय बदलले, आणि काय बदलले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तराजू देईल. दुसऱ्याचे तो देणार नाही. कोंडा मऊ झाला, फुगला, गोडसर वासाचा झाला. पण त्यातले कॅल्शियम होते तेवढेच राहिले. चाचांच्या डोळ्यांना आणि हातांना जे कळण्यासारखे होते ते सारे त्यांना कळले होते. जे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावे लागले.