बार्बारोचे आठ महिने

नालबंदांचे आणि घोड्यांचे आश्रयदाते संत एलिजियस ह्यांचा सण १ डिसेंबर रोजी येतो. सातव्या शतकातील हे फ्रान्समधील कुशल सोनार पुढे न्वायोंचे बिशप झाले. त्यांच्याविषयी मध्ययुगात एक आख्यायिका रूढ होती. एक बेफाम घोडा कोणालाही नाल ठोकू देईना. तेव्हा एलिजियस ह्यांनी त्याचा पायच अलगद काढून ऐरणीवर घेतला, नाल ठोकला आणि क्रुसाची खूण करून तो पाय पुन्हा जागच्या जागी बसवला. फ्लॉरेन्समधील ओर्सानमिकेले चर्चच्या भिंतीवर नान्नी दी बान्को ह्या शिल्पकाराने हा प्रसंग कोरून ठेवला आहे. आख्यायिका रचणाऱ्यांना एक सत्य पुरते ठाऊक होते, असे आम्हांस वाटते : घोड्याचा पाय गेला की घोडा गेला, आणि तो परत मिळणे हा चमत्कारच.

ह्याचे कारण घोड्याच्या देहरचनेत आहे. शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो. एवढा भार ज्या पायांवर पेलायचा, त्यांना गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडे, कंडरा आणि कातडी एवढेच. रक्तपुरवठाही तुटपुंजा. माणसाप्रमाणे घोड्याला महिनोन्‌महिने अंथरुणावर निजवून ठेवता येत नाही. तो उभा राहिला की मोडक्या पायाचा भार उरलेल्या पायांवर पडतो आणि त्यांच्या खुरांतील नाजूक पटले सुजून सुटू लागतात. पशुवैद्य त्या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. मूळ दुखापतीतून वाचलेला घोडा ह्या दुसऱ्या दुखण्याने जातो.

६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन नावाची तीन वर्षांची काळी घोडी धावली. आधीच्या दहाही शर्यती तिने जिंकलेल्या. त्या दिवशी तिचा सामना एकट्या फूलिश प्लेझर ह्या घोड्याशी होता. दोन्ही घोड्यांवर नेहमी बसणाऱ्या हासिंतो वास्केस ह्या जॉकीने निवड केली ती रफियनची. भर दौडीत हाड मोडल्याचा आवाज आला. वास्केस लगाम खेचू लागला, परंतु घोडी थांबेना. मोडक्या पायावर ती धावतच राहिली. शस्त्रक्रिया झाली. मात्र भूल उतरताच तिने पाय झाडायला सुरुवात केली. जणू ती अजून धावतच होती. त्या धडपडीत प्लास्टर फुटले, दुखापत आणखी वाढली आणि रात्र सरण्यापूर्वीच तिला मरण द्यावे लागले.

एकतीस वर्षांनी हीच वेळ बार्बारोवर आली. ६ मे २००६ रोजी त्याने केंटकी डर्बी साडेसहा लांबींनी जिंकली. दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत पहिल्याच टप्प्यात त्याचा उजवा मागचा पाय वीसहून अधिक ठिकाणी मोडला. पेरूमधून आलेला जॉकी एडगर प्राडो खाली उतरला आणि वैद्य येईपर्यंत आपल्या खांद्याने त्या थरथरत्या जनावराला आधार देत राहिला. त्याच वर्षी जानेवारीत त्याची आई कर्करोगाने निवर्तली होती.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर ह्या पशुरुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन ह्यांनी धातूची पट्टी आणि सत्तावीस स्क्रू बसवून तो पाय सांधला. शुद्धीवर येताना घोड्याने पाय आपटू नयेत म्हणून त्याला झोळीत घालून पाण्याच्या हौदात तरंगत ठेवण्यात आले. रफियनच्या वेळी जे साधले नाही, ते येथे साधले. परंतु जुलैत डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला आणि त्या खुराचा बहुतेक भाग कापून टाकावा लागला. तरीही घोडा सावरला. मालकीणबाई ग्रेचेन जॅक्सन आपल्या शेतातले ताजे गवत त्याच्यासाठी घेऊन येत. हिवाळ्याच्या तोंडी त्याला घरी नेण्याची भाषाही सुरू झाली. जानेवारीत मात्र पुन्हा घसरण झाली. अखेरीस पुढच्या दोन्ही खुरांनाही तोच विकार जडला. टेकायला एकही निरोगी पाय उरला नाही. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले. ही बातमी सांगताना डॉ. रिचर्डसन पत्रकारांसमोर रडले.

एका घोड्यासाठी एवढा खर्च, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. तो आम्ही झटकून टाकू शकत नाही. ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत मानतो. पण त्याच परिच्छेदात तो असेही बजावतो की, मानवी दुःखनिवारणाला हवा असलेला पैसा प्राण्यांवर उधळू नये. आमच्या मते येथे खरा दोष त्या आठ महिन्यांच्या शुश्रूषेत नाही. कोवळ्या वयाच्या जनावराला पैजेसाठी इतक्या वेगाने, इतक्या लागोपाठ पळवण्यात तो आहे. एकदा पळवल्यावर, मोडल्यावर, त्याच्याकडे पाठ फिरवली असती तर ते अधिक ख्रिस्ती ठरले असते काय? शिवाय त्या उपचारांतून वैद्यांना जे ज्ञान मिळाले, ते इतर घोड्यांच्या कामी आले. अमेरिकेत २००९ साली दर हजार धावांमागे दोन घोडे दगावत. २०२२ साली ते प्रमाण १.२५ वर आले. ह्याचे श्रेय मुख्यतः कडक तपासण्या आणि नियम ह्यांना जाते.

आकडा घोड्यांचा आहे. मोतद्दारांचा हिशेब कोणी ठेवत नाही. जॉकीचे नाव इतिहासात राहते, मालकाचे चषकावर कोरले जाते. पहाटे उठून खरारा करणारा, पायांना पट्ट्या बांधणारा, हात फिरवून कोठे गरम लागते ते पाहणारा माणूस बहुधा दूरदेशीहून पोटासाठी आलेला असतो. शर्यतीनंतर घोडा परत नेण्यासाठी तो दोरी हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहतो. मैदानावर पडदा धरला जातो, आणि तीच दोरी घेऊन तो रिकाम्या तबेल्याकडे परततो. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या घोड्याला वैरण घालायचीच असते. ज्या घरात बैल म्हातारा होऊन गेला, त्या घरातील वडीलधाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

रफियनला बेलमाँटच्या मैदानातच पुरले होते. तेथे नवे बांधकाम निघाल्यावर २०२३ साली तिचे अवशेष केंटकीतील तिच्या जन्मस्थानी, क्लेबोर्न फार्ममध्ये हलवण्यात आले. बार्बारोची रक्षा चर्चिल डाउन्सच्या प्रवेशद्वाराबाहेर ठेवली आहे आणि २००९ सालापासून तिच्यावर त्याचा कांस्यपुतळा उभा आहे. जागा फाटकाबाहेर असावी, हा जॅक्सन दांपत्याचा आग्रह होता. त्याला भेटायला येणाऱ्याला तिकीट काढावे लागू नये म्हणून.