बंब, लाट आणि नव्वद इंची सिलिंडर

आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध उभी नळी, तिच्यात वरून चिपाडं नि कोळसे टाकायचे. खाली राख पडायला जाळी. नळीच्या भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच ठेवला की सरपण कमी लागतं, हे घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. पुढे कधीतरी कळलं की 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोम्बा'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ पाणी तापवायचं भांडं नव्हे, पाणी चढवायचा पंप. आगीच्या बंबात तो अर्थ टिकला, न्हाणीघरात विस्तवाने त्याला हुसकावलं. विस्तव आणि पंप यांना एकाच शब्दात नांदवणाऱ्या मराठीला वाफेच्या इंजिनाचं कुळ नकळत कळलं होतं, असं मला उगाचच वाटतं.

कारण हे इंजिन जन्मलं ते पाणी उपसायलाच. आगगाडी, गिरणी, आगबोट ही सगळी नंतरची प्रजा. 1698 मध्ये टॉमस सेव्हरीने पेटंट घेतलं ते वाफेने पाणी ओढण्याच्या युक्तीचं. 1712 मध्ये टॉमस न्यूकोमेनने इंग्लंडात डडलीच्या किल्ल्याजवळ कोळशाच्या खाणीवर आपलं इंजिन उभं केलं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, तिच्यावर गार पाणी फवारून ती विरवायची, आत पोकळी झाली की बाहेरची हवाच दट्ट्याला खाली दाबते. यात कोळसा अघोरी लागे, पण इंजिन कोळशाच्या खाणीवरच उभं असल्यावर हिशेब कोण विचारतो?

हिशेब विचारला जेम्स वॉटने. वाफ विरवायला वेगळं भांडं लावायचं, म्हणजे सिलिंडर दर खेपेला गार होत नाही. याचं पेटंट 1769 चं. पुढे वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी धंदा असा मांडला की जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या. कॉर्नवॉलच्या कथील नि तांब्याच्या खाणवाल्यांना हा हिस्सा फार टोचे. तिथे कोळसा नाही, तो वेल्सहून जहाजाने यायचा. 1800 मध्ये पेटंट संपलं आणि तिथल्या कारागिरांनी आपलं डोकं चालवलं. रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची वाफ आणली आणि तिच्यासाठी लोखंडी बॉयलर केला. आडवं पिंप, त्यातून आरपार गेलेली नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. आमचा बंब आडवा निजवला तर साधारण तेच. 1811 पासून तर कुठल्या खाणीचं इंजिन किती कोळशात किती पाणी उपसतं याचे आकडे महिन्याच्या महिन्याला छापून येऊ लागले. शेजाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा बरा दिसला की कोणता इंजिनिअर स्वस्थ बसेल?

लंडनच्या पाणीकंपन्यांना हे पटायला वेळ लागला. खाणीतली यंत्रं शहरात काय कामाची, असा सूर होता. टॉमस विक्स्टीड या इंजिनिअरने पूर्व लंडनमधल्या ओल्ड फोर्ड इथे 1837-38 च्या सुमारास पहिलं कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलच्या धाटणीचं, इंजिन आणून बसवलं, तेव्हा शंका मिटल्या.

या इंजिनाची गंमत कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. विहिरीवरच्या लाटेला मागे धोंडा बांधलेला असतो. माणूस जोर लावतो तो रिकामी बादली खाली न्यायला. भरलेली बादली वर आणतो तो धोंडा. कॉर्निश इंजिनातही वाफ थेट पाणी ढकलत नाही. ती प्रचंड तुळईचं एक टोक खाली ओढते, त्यासरशी दुसऱ्या टोकाचं वजन वर जातं. मग ते वजन आपल्या भाराने, सावकाश, धक्का न देता खाली येतं आणि पाणी नळात लोटतं. दोन खेपांमध्ये किती थांबायचं हे ठरवायला एक छोटं पाण्याचं भांडं असतं. त्याच्या बारीक छिद्रातून पाणी निथळलं की पुढची झडप उघडते. घटिकापात्रात पाणी आत शिरतं, इथे बाहेर जातं, एवढाच फरक.

हे सगळं एकाच छपराखाली दिसतं ते पश्चिम लंडनमधल्या क्यू ब्रिजला. ते पंपगृह ज्या ग्रँड जंक्शन कंपनीचं, तिची सुरुवात काही भूषणावह नव्हती. 1811 मध्ये निघालेली ही कंपनी आधी कालव्याचं पाणी विके, मग चेल्सीजवळ थेम्सचं उपसू लागली, तेही एका गटाराच्या तोंडाशी. 1827 मध्ये जॉन राइट याने पुस्तिका छापून त्याचे वाभाडे काढले. कंपनी 1838 मध्ये नदीच्या वरच्या अंगाला, क्यूला गेली आणि 1820 चं बोल्टन-वॉट इंजिन मागोमाग सुटं करून तिथे नेलं. 1846 मध्ये कॉर्नवॉलच्या हेल गावाहून नव्वद इंच व्यासाच्या सिलिंडरचं इंजिन आलं. दर खेपेला 472 गॅलन, म्हणजे सुमारे 2,100 लिटर पाणी. 1869 मध्ये शंभर इंची आलं, त्याचे 717 गॅलन. मधल्या काळात, 1852 च्या कायद्याने, भरतीचं पाणी पोचतं तिथलं थेम्सचं पाणी घरगुती वापरासाठी घ्यायला बंदी झाली. उपसा आणखी वर हॅम्प्टनला गेला, पण क्यूची इंजिनं शहराकडे पाणी लोटतच राहिली.

(मुंबईने ही सगळी यातायात टाळली. विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला, पुढे तुळशी नि तानसा आले. डोंगरातलं पाणी उतारानेच शहरात यायचं. म्हणून तुळईच्या इंजिनांचं पुराण सांगायला थेम्सकाठी जावं लागतं.)

ही इंजिनं भंगारात का गेली नाहीत? प्रेमापोटी नव्हे, माझ्या मते धास्तीपोटी. गिरणी एक दिवस बंद पडली तर मालकाचं नुकसान. नळ कोरडा पडला तर अख्खं शहर रस्त्यावर. म्हणून नवीन यंत्र बसलं तरी जुनं राखीव म्हणून तेल घालून ठेवायचं. 1820 चं इंजिन 1944 पर्यंत कामावर टिकलं ते असं. लंडनच्या पाणीपुरवठा मंडळाने मग ती मोडली नाहीत, आणि 1973 मध्ये न्यास स्थापून हौशी मंडळी कामाला लागली. 1975 मध्ये संग्रहालय उघडलं आणि बोल्टन-वॉट पुन्हा डुलू लागलं.

अशा कामात गंज खरवडणं हा सोपा भाग. कठीण असतं ते हाताला कळणारं ज्ञान परत मिळवणं: सांध्यातलं पॅकिंग किती आवळायचं, सिलिंडर किती वेळ ऊब देऊन तापवायचं. घाई केली तर आत साचलेलं पाणी दट्ट्याखाली सापडतं. पाणी दबत नाही, लोखंड फुटतं.

आणि कधी दोष इंजिनात नसतोच. विल्टशरमधल्या क्रॉफ्टनला कालव्याला पाणी पुरवणारं 1812 चं बोल्टन-वॉट इंजिन आहे. 1958 मध्ये धोकादायक म्हणून तिथल्या चिमणीचा वरचा भाग उतरवला. ओढ कमी झाली, जाळ नीट धरेना, आणि धडधाकट इंजिनाला निवृत्ती मिळाली. त्या कालव्याच्या न्यासाने 1970 मध्ये ते पुन्हा वाफेवर आणलं. चिमणीला जुनी उंची मिळायला मात्र नव्वदचं दशक उजाडलं. मूळ जागी उभं राहून मूळ काम करू शकणारं याहून जुनं तुळईचं इंजिन जगात नाही.

कुळातली शेवटची भावंडं लंडनच्याच केम्प्टन पार्कमध्ये आहेत. 1929 मधली, 62 फूट उंच, एकेक शेकडो टनांचं. तीच वाफ एकामागून एक मोठ्या होत जाणाऱ्या सिलिंडरांत वापरायची ही जात. आपल्याकडे उसाचा रस काढणारा चिपाड पुन्हा पुन्हा चरकात घालतो तशी. 1980 मध्ये ती थांबली. त्यातलं एक, 'सर विल्यम प्रेस्कॉट', स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून 2002 मध्ये फिरतं केलं. जोडीदारीण 'लेडी बेसी' शेजारी उभीच आहे. क्यूचं शंभर इंचीही तसंच, नव्वद इंचीच्या बाजूला, तुळई आडवी धरून.