ऑक्सिमीटर आणि अंधारातला प्रवाह

२०२० साली पिंपरीच्या संत तुकाराम नगरातले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘वायसीएम’, कोविडसाठी राखले गेले. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची पथके घरोघर बोटांना ऑक्सिमीटर लावू लागली. चिमट्याच्या एका बाजूने तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश आळीपाळीने बोटातून जातो, समोरचा सिलिकॉनचा डिटेक्टर तो टिपतो. ऑक्सिजनने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, अवरक्त जास्त. त्यावरून पडद्यावरचा आकडा निघतो. या उपकरणाची प्रगती जास्त प्रकाश पकडल्याने झाली नाही, नको असलेला संकेत ओळखता आल्याने झाली. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले ताकुओ आओयागी रंगद्रव्य टोचून हृदयाचा रक्तप्रवाह मोजू पाहत होते आणि नाडीच्या ठोक्यांनी आलेख थरथरत होता. ती थरथर घालवताना त्यांच्या ध्यानात आले की हाड, मांस, शिरा यांचे शोषण जवळपास स्थिर असते, ठोक्यागणिक बदलते ते धमनीतल्या रक्ताचेच. १९७४ साली पल्स ऑक्सिमीटरची कल्पना त्यांनी मांडली.

सिलिकॉनऐवजी वापरायच्या कार्बनी संयुगांच्या, म्हणजे सेंद्रिय, डिटेक्टरांची अडचणही नेमकी नको असलेल्या संकेताचीच आहे. अवरक्त किरणांची ऊर्जा थोडी, म्हणून ती शोषणाऱ्या रेणूंमधली ऊर्जेची फट अरुंद लागते. पण फट अरुंद झाली की खोलीतल्या उष्णतेनेही विद्युतभार सुटतात, प्रकाश नसताना प्रवाह वाहतो आणि क्षीण संकेत त्यात बुडतो. म्हणून निव्वळ शोषण वाढवण्यापेक्षा इलेक्ट्रोडकडून घुसणारे भार अडवणारा थर, सक्रिय थराची योग्य जाडी आणि मालाची शुद्धता यांना मी जास्त महत्त्व देतो.

सिलिकॉन पक्का आणि स्वस्त असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. बोटापुरते मोजायचे तर सिलिकॉनच घ्यावा. मात्र जखमेभोवतीच्या कातडीतल्या ऑक्सिजनचा नकाशा हवा असेल, तर वाकणारा, छापून तयार होणारा पडदा लागतो. बर्कलीत आना आरियास यांच्या गटाने २०१८ मध्ये असा सेंद्रिय संच करून दाखवला. हवा आणि ओल यांनी सेंद्रिय थर खराब होतो, ही हरकत मात्र खरी आहे. पिंपरीच्या पावसाळ्यात त्याला चांगले सीलबंद आवरण हवेच. आणखी एक दोष डिटेक्टर सुधारून जाणार नाही. २०२० साली अमेरिकेत दिसले की कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची घट ऑक्सिमीटरच्या नजरेतून गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटली. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या आपल्या प्रदेशात उपकरणाचे आकडे इथल्याच रुग्णांच्या धमनीतल्या रक्ताशी ताडून बसवले पाहिजेत, मग डिटेक्टर सिलिकॉनचा असो की सेंद्रिय.