शहाजीराजांच्या दरबारातील बारा भाषा

'राधामाधवविलासचंपू' हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते मुख्यतः इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या प्रस्तावनेमुळे. इ. स. १९२२ मध्ये त्यांनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यास जी विस्तृत प्रस्तावना जोडली, तिच्या छायेत मूळ ग्रंथ झाकोळून गेला. प्रस्तावना वाचणारे पुष्कळ, चंपू वाचणारे थोडे. आणि चंपूच्या अखेरीस आलेले भाषाकाव्य वाचणारे त्याहूनही थोडे. माझ्या मते ग्रंथाचा प्राण या उपेक्षित भागातच आहे.

१६३८ च्या सुमारास, विजापूरकरांच्या कर्नाटक मोहिमेनंतर, बेंगळूर शहाजीराजांकडे आले. हे शहर त्यापूर्वीही एकभाषी नव्हतेच. ते वसविणाऱ्या केंपेगौडांच्या नावावर तेलुगूतील एक यक्षगान सांगितले जाते. अशा ठिकाणी जयराम पिंडे हा कवी नाशिककडून आला आणि त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपण बारा भाषांत कविता करतो, हा त्याचा अर्थ. ग्रंथाच्या पूर्वभागात राधाकृष्णांचा विलास संस्कृतात वर्णिलेला आहे, पुढे राजसभा येते, आणि शेवटी संस्कृताची चौकट मोडून मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, फारशी, दक्खनी, कानडी अशा भाषा एकापाठोपाठ बोलू लागतात.

यास केवळ भाटगिरी म्हणून सोडून देणे सोपे आहे. स्तुती आहेच, आणि ती पुष्कळदा ठोकळेबाजही आहे. परंतु ज्या दरबारात अशी स्तुती करावीशी वाटली, त्या दरबारात ती समजणारे कान असले पाहिजेत. इतिहासकारांनी या ग्रंथास शहाजीराजांच्या योग्यतेविषयी साक्ष विचारली. वाङ्मयेतिहासकारांनी तो संस्कृत म्हणून बाजूस ठेवला. देशभाषांना एकाच सभेत समान आसन मिळाल्याचा हा पुरावा मात्र दोघांच्याही हिशेबातून निसटला.

अनुवादक या नात्याने मला येथे एक अडचण जाणवते. हे प्रकरण मराठीत उतरवावे तर त्यातील मौजच नष्ट होते. बारा आवाजांचा एक आवाज होतो. शिवाय जो लेखनिक मराठी, त्याच्या हातून अपरिचित भाषेतील शब्द शुद्ध उतरलेच असतील असे कोण म्हणेल? कानडी पद्ये कानडी जाणणाऱ्याने, फारशी पद्ये फारशी जाणणाऱ्याने तपासावीत आणि मगच पाठ निश्चित करावा. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. राजवाड्यांसारख्या पुरुषाने एकहाती जे केले ते थोरच. पण शंभर वर्षे लोटली तरी आपण त्याच पाठावर विसंबून आहोत, हे काही भूषण नाही.

१६८७ मध्ये बेंगळूर तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. व्यंकोजीराजे त्याआधीच तंजावरास स्थिरावले होते. तेथे त्यांचे पुत्र, दुसरे शहाजी, यांनी 'पंचभाषाविलास' नावाचे नाटक रचले. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा आहेत.