बर्लिनची पदवी आणि मुंबईची औषधे

"मुलाने रसायनशास्त्र घेऊन पुढे करायचे काय?" हा प्रश्न पालक बंधु-भगिनी नेहमी विचारतात. ज्या घरात कमावता एकच असतो त्या घरात तो विचारला जाणारच. त्यात रागावण्यासारखे काही नाही. उपदेशाऐवजी आपल्याच देशातील औषधांच्या धंद्याचा थोडा इतिहास पाहू.

ब्रिटिश अमदानीत आधुनिक औषधांपैकी बहुतेक परदेशातून बाटलीबंद होऊन येत. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ साली कलकत्त्यास 'बेंगॉल केमिकल'ची कंपनी उभारली, पण असे प्रयत्न मोजकेच. १९११ च्या पेटंट कायद्याने मूळ औषधावरच मक्तेदारी मिळे. ते कोणत्याही रीतीने बनवा, मालकी परक्याचीच!

अशा काळात अलीगढचे ख्वाजा अब्दुल हमीद (जन्म १८९८) रसायनशास्त्र शिकत होते. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी कॉलेज सोडले आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या जामिया मिल्लियात ते अध्यापन करू लागले. पुढे जर्मनी गाठून १९२७ साली त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्याच सुमारास जामियाचेच डॉ. झाकिर हुसेन बर्लिनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. एक पुढे राष्ट्रपती झाले, दुसऱ्याने कारखाना काढला. बर्लिनच का, असे कोणी विचारील. रंग, औषधे व खते यांच्या रसायनशास्त्रात तेव्हा जर्मनीचा हात धरणारा देश नव्हता; तिथे विद्यापीठातील संशोधक व कारखानदार यांची उठबस एकत्र असे. हमीदसाहेबांनी तिकडून पदवी आणली तशी ही दृष्टीही आणली, आणि माझ्या मते दुसरी गोष्ट अधिक मोलाची.

१९३५ साली मुंबईत त्यांनी 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' स्थापन केली. हेच आजचे 'सिप्ला'. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी तिथे भेट दिली. राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी हवी असा आग्रह धरणाऱ्यांत हमीदसाहेब होते. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद अस्तित्वात आली आणि १९५० मध्ये तिच्या आधिपत्याखाली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. शेजारी पिंपरीस १९५४ मध्ये 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना निघाला.

इतके होऊनही औषधे महागच राहिली, कारण कायदा जुनाच होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली आपला अहवाल दिला व त्यावरून १९७० चा पेटंट कायदा झाला. तो १९७२ पासून अमलात आला. त्याचे मर्म विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. औषध या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ते बनविण्याच्या रीतीवर आहे, असे ठरले. एकच रेणू अनेक मार्गांनी बनविता येतो. म्हणजे दुसरा मार्ग शोधून काढील त्याला ते औषध विकायची मोकळीक. पण मार्ग शोधणार कोण? कायदा काही प्रयोगशाळेत उभा राहत नाही. कोणती रासायनिक क्रिया आधी, कोणती नंतर, कुठे माल वाया जातो, हे जाणणारी माणसे लागतात. ती माणसे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (स्थापना १९३३) आणि अशाच इतर संस्थांतून चार दशके तयार होत होती. नुसत्या कायद्याला सारे श्रेय देणारे हे विसरतात. हमीदसाहेब मात्र १९७२ मध्येच निवर्तले.

त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९६० साली कंपनीत आले होते. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराला २००० च्या सुमारास एका रोग्यामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. आफ्रिकेत लाखो माणसे मरत होती; औषध होते, पण त्यांच्या आवाक्यात नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेस देऊ केला. तिन्ही औषधे मूळची इतर देशांतील संशोधकांची, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्या रसायनशास्त्रज्ञांचे कर्तृत्व ती स्वस्तात बनविण्यात आणि तिन्ही मिळून एक गोळी करण्यात होते. याला कोणी नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा लागू झाले. नव्या औषधाला आता नुसती दुसरी वाट शोधून भागत नाही, रेणूच नवा शोधावा लागतो, आणि त्याला दहा-दहा वर्षे लागतात. तथापि जुन्याच औषधात किरकोळ बदल करणाऱ्यास पेटंट न देण्याची तरतूद कायद्यात ठेवली गेली. रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ती उचलून धरली. तो निकाल वाचताना पाने स्फटिक, क्षार आणि विद्राव्यता यांच्या चर्चेने भरलेली दिसतात. वकिलांनाही त्यासाठी रसायनशास्त्राचे धडे गिरवावे लागले असतील!